बर्टची खुर्ची

मघाशी तुम्ही दार वाजवलंत तेव्हा नोरा उठायला लागली होती आणि मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. खिडकीतून ते तुम्हाला दिसलं असणार. वाटलं असेल, काय ही म्हातारी मैत्रिणीवर दादागिरी करते! करते खरी. चर्चच्या विक्रीला द्यायचे जुने कपडे शोधायला ती वर गेली आहे, आणि तिची कपाटं मला माहीत आहेत, लवकर काही खाली येत नाही. चहा घ्या. दिवा जरा तुमच्याकडे ओढा. ती येईपर्यंत सांगते.

तरुणपणी मी थॉर्नसीला एम्प्रेस सिनेमात टॉर्चवाली होते. समुद्रकाठचं गाव. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची आणि ऑक्टोबर लागला की रस्त्यावर फक्त वारा आणि सीगल पक्षी. त्या काळी सिनेमा दुपारी सुरू झाला की रात्री राष्ट्रगीत वाजेपर्यंत चालूच राहायचा. लोक तिकीट काढून वाटेल तेव्हा आत शिरत. खुनी पकडला जातो तेवढं आधी बघायचं, मग बातम्या, आइस्क्रीम, पुन्हा पहिल्यापासून सिनेमा, आणि मग खून. आपण आलो तो तुकडा पडद्यावर आला की नवरा बायकोला कोपरानं ढोसायचा, "चल गं, इथंच आलो होतो आपण," आणि दोघं उठून जायची. आता हसू येईल तुम्हाला, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. कोण कुठल्या तुकड्याला आलं हे ज्याच्या त्याच्या डोक्यात पक्कं असे, आणि तो तुकडा आल्याशिवाय कुणी जागचं हलत नसे. एवढं लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

मला काम शिकवलं विनी ऑग्डेननं. अंगानं काडी, जीभ मात्र कात्रीसारखी. छातीला सदा कापराचं मलम चोळलेलं, त्यामुळे अंधारातही विनी कुठे आहे ते नाकाला कळायचं. टॉर्चच्या काचेवर तिनं टॉफीचा केशरी कागद चिकटवला होता, लोकांच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून. टॉर्च गुडघ्याच्या खाली धरायची, उजेड आपल्या मागं पाडायचा आणि गिऱ्हाइकाला त्यावरून चालवत न्यायचं. दुपारच्या खेळाला एकट्या बाईच्या शेजारी सरकणारे काही महाभाग असत. विनी त्यांच्यापाशी जाऊन गोड आवाजात म्हणायची, "या साहेब, तुमच्यासाठी खास जागा ठेवलीय." आणि नेऊन बसवायची थेट पहिल्या रांगेत, पडद्याच्या नाकाखाली. मान वर करून करून त्यांचं सगळं प्रेम आटायचं. एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं विनी गेली. तिची टॉर्च माझ्याकडे आली, कागदासकट.

तर त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात आमच्याकडे 'धुक्यातली साक्ष' लागला होता. दर वर्षी सीझन संपला की मॅनेजर तो परत आणायचा, कारण त्याचं शूटिंग आमच्याच गावात झालं होतं. एका मुलीला बंदराच्या लाकडी धक्क्यावर खून दिसतो, खुनी तिच्या मागावर गावभर फिरतो, ती लपायला सिनेमात शिरते. तो सिनेमा म्हणजे आमचं एम्प्रेस. प्रेक्षक म्हणून निम्मं गाव बसवलं होतं. बायका केस कुरळे करून आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत माझी आई दिसते, चेरींचा गुच्छ लावलेली हॅट घालून. तिच्या शेजारी मासळीवाला बर्ट हॉलिन्स बसणार होता, पण कॅमेरा फिरायला लागला तेव्हा साहेब बाहेर विडी ओढत होते. त्यामुळे आईशेजारची खुर्ची जन्मभराची रिकामी राहिली. तेवढं दृश्य आलं की सगळं थिएटर ओरडायचं, "बर्ट, कुठं उलथलास रे?" आणि बर्ट मागच्या रांगेतून उठून सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा. त्याच दृश्यात विनीही आहे. खुन्याला टॉर्च दाखवत आत आणते. एवढ्याशा कामासाठी तिनं आठवडाभर आरशासमोर सराव केला होता.

संध्याकाळी हाऊसफुल्ल, पण दुपारी पाचपंचवीस डोकी. त्यांतच नोरा यायला लागली. बाल्कनीच्या खालच्या अंधारात, भिंतीकडेच्या खुर्चीत बसायची. डोक्याला निळा स्कार्फ. दार उघडताच आत यायची, आणि आपण आलो तो तुकडा येऊन गेला तरी उठायची नाही. मी आइस्क्रीमचा ट्रे घेऊन तिच्यापाशी गेले.

"पोरी, हा सिनेमा तुला तोंडपाठ झाला असेल. घर नाही का?"

"मिसेस टॅटरसॉलकडे उतरलेय मी."

मग पुढं विचारायची गरज नव्हती. थॉर्नसीच्या घरमालकिणी पाहुण्यांना नाश्ता झाला की बाहेर काढत आणि संध्याकाळच्या चहापर्यंत उंबऱ्यात पाऊल ठेवू देत नसत. मग पाऊस असो, ताप असो. मिसेस टॅटरसॉल त्यांतली महामाया होती.

"मग बाजारात जा, चहाच्या दुकानात बस."

"तिथं काचा आहेत..." ती म्हणाली. "बाहेरून दिसतं."

हळूहळू तिनं सांगितलं. सॅलफर्डला कपडे धुण्याच्या दुकानात ती इस्त्री करायची. गल्लीपलीकडे घोड्यांवर पैसे लावून देणाऱ्याचं ऑफिस. वाफेनं धुरकटलेली काच तिनं बाहीनं पुसली, आणि समोर दोन माणसं त्या ऑफिसवाल्याला मारत होती. एकानं हात धरले होते, दुसरा लोखंडी गज चालवत होता. गजवाला पकडला गेला. हात धरणारा मोकळा होता, आणि त्यानं वर बघून हिला पाहिलं होतं. सोमवारी मँचेस्टरच्या कोर्टात हिची साक्ष. ही उभी राहिली नाही तर खटल्यात दम नव्हता. पोलिसांनी एका नर्सच्या घरी ठेवलं होतं, तिथं कुणीतरी मध्यरात्री दाराची कडी चाचपून गेलं, म्हणून ही कुणाला न सांगता गाडीत बसली आणि गाडी जिथं संपते तिथं उतरली. आईबाप नाहीत, अनाथाश्रमात वाढलेली.

"आणि बसायला तुला हाच सिनेमा सापडला?" मी म्हटलं. "शेजारच्या गावात नाचगाण्याचा लागलाय."

"हिचं शेवटी बरं होतं ना पण. तेवढं परत परत बघते."

मला भडभडून आलं, खोटं कशाला सांगू. माझ्या सँडविचमधलं अर्धं मी तिला रोज द्यायला लागले.

शुक्रवारी दुपारी पाऊस धो धो कोसळत होता. बाहेरच्या हॉलमध्ये एक माणूस आला. उंटाच्या रंगाचा महागडा कोट, आणि एवढ्या पावसात बूट कोरडे, म्हणजे मोटारीतून आलेला. तोंडात पेपरमिंट चघळत होता.

"बाळ, माझी बहीण आत बसलीय. निळा स्कार्फ आहे बघ. आई अगदी शेवटच्या घटका मोजतेय, तिला न्यायला आलो."

अनाथाश्रमातल्या मुलीची आई शेवटच्या घटका मोजते म्हणजे काय!

"चालू खेळात आम्ही कुणाला हाका मारत नाही, साहेब. मध्यंतरापर्यंत बसून घ्या."

"तू टॉर्च मार की एकेकाच्या तोंडावर. मी सांगतो कोणती ती."

"लोक तीच टॉर्च माझ्या डोक्यात घालतील."

तो हसला. हसणं ओठांपुरतंच होतं. "विनोदी आहेस," म्हणाला, आणि तिकीट फाडून अर्धं माझ्या हातात ठेवलं. "मग मीच बघतो."

"थांबा जरा, मोकळी जागा बघून येते," म्हणून मी आत सटकले. मॅनेजर बँकेत गेला होता. पलीकडच्या भिंतीला गल्लीत उघडणारं दार होतं, पण ते उघडलं की दिवसाचा उजेड सगळ्या थिएटरभर पडायचा आणि नोरा त्यात उभी दिसली असती. मी वाकून तिच्यापाशी गेले.

"नोरा, उठू नकोस. खुर्चीच्या खाली सरक."

ती लगेच खाली सरकली. माझं मनगट तेवढं तिनं धरून ठेवलं. मी टॉर्च बंद करून मांडीत दाबली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

पडद्यावर ती दुसरी मुलगी धुक्यातून धावत होती. लाकडी धक्क्यावर मागून बुटांचा आवाज. आणि आमच्या मागं दाराच्या पडद्याच्या कड्या खणखणल्या. तो आत येऊन उभा राहिला होता. त्याच क्षणी पडद्यावरची मुलगी वळली, आमच्याकडे बघून म्हणाली, "तो आलाय..." आणि फिल्म तुटली. पडदा पांढराफटक झाला, मधोमध तपकिरी डाग पसरत गेला, आणि अंधार.

फिल्म तुटणं रोजचंच होतं. तुटली की आमचे ऑपरेटर मिस्टर क्लेग लगेच दिवे लावत. त्या दिवशी दिवे लागले नाहीत. बटण दाबलं होतं, असं ते पुढं मरेपर्यंत शपथेवर सांगत राहिले. लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली, शिट्ट्या झाल्या, मागून कुणीतरी ओरडलं, "ओ क्लेग, पुरे झाला चहा!" मग तो सगळा आवाज एकाएकी थांबला.

ओल्या लोकरीचा, संत्र्याच्या सालीचा वास होता. त्यात पेपरमिंट मिसळला. तो खुर्च्यांच्या पाठींवर हात टेकत रांगेरांगेनं खाली येत होता. थप्... थप्...

"नोरा..." अगदी हळू, लहान मुलाला उठवावं तसं. "ए नोरा... चल, घरी जाऊ..."

नोराची नखं माझ्या मनगटात रुतली होती. तो आमच्या अगदी मागच्या रांगेपर्यंत आला.

मग कुणीतरी खोकलं. कोरडा, ओढलेला खोकला. आणि कापराचा वास आला.

वाटेत केशरी उजेड दिसला. गुडघ्याच्या खाली, गालिच्यावर मागं पडलेला, गोल. माझी टॉर्च माझ्या मांडीत होती. मी बोटांनी चाचपली. बंद होती आणि थंडगार होती.

"या साहेब..." आवाज घोगरा, पण गोड. "तुमच्यासाठी खास जागा ठेवलीय..."

"कुठे आहे ती?" त्यानं विचारलं.

"पुढं... या ना..."

त्याचे बूट उजेडामागून चालायला लागले. आमच्या रांगेवरून पेपरमिंट गेला. पहिल्या रांगेशी पोहोचल्यावर तो पडद्यासमोरच्या रंगमंचाच्या कडेच्या कुंड्यांना अडखळणार म्हणून मी कान देऊन होते. कसलाच आवाज आला नाही. उजेड थोडा वर चढला आणि लांब लांब जात बारीक झाला, लांबलचक बोळातून कुणी चालत जावं तसा. आमच्या पडद्यामागं हातभर जागा होती आणि मग विटांची भिंत.

उजेड विझला आणि छताचे दिवे लागले. लोक डोळे चोळत होते. विणकाम घेऊन आलेल्या म्हाताऱ्या, शाळा बुडवून आलेलं एक जोडपं. कोटवाला माणूस कुठेच नव्हता. तो आमच्या पुढून परत गेला नव्हता, आणि गल्लीचं दारही उघडलं नव्हतं.

क्लेगनी जळलेला तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला, टोकं जोडली आणि रीळ पुन्हा चालू केलं. आता मुलगी वळायची, पण "तो आलाय" म्हणायच्या आधीच एकदम जिन्यावर दिसायची. थोड्या वेळानं सिनेमाच्या आतल्या सिनेमाचं दृश्य आलं. विनी टॉर्च घेऊन, तिच्या मागं खुनी झालेला नट. चेरीची हॅट घातलेली आई. नोरानं माझा हात ओढला.

"मेव्हिस... तिसरी रांग..."

बर्टच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. महागडा कोट. बाकी सगळे समोर बघत होते, हा मात्र मान इकडून तिकडे फिरवून दार शोधत होता.

पोलीस आले. रंगमंचाच्या खालची गटारंसुद्धा उपसली. त्याची मोटार कितीतरी दिवस समुद्राकाठी उभी होती, सीगलनी तिची पार रया घालवली. शनिवारी संध्याकाळी गाव आलं आणि बर्टनं आरडाओरडा केला, "माझ्या खुर्चीत हा कोण उपटसुंभ?" आई म्हणाली, "असला माणूस शेजारी बसला असता तर मी तेव्हाच उठून गेले असते." शेवटी गावानं ठरवलं की सिनेमावाल्यांनी दुसरी कॉपी पाठवली असणार. रविवारी डबे परत गेले.

सोमवारी नोरा कोर्टात उभी राहिली. मी गॅलरीत बसले होते. तिचा आवाज एकदाही कापला नाही. गजवाल्याला शिक्षा झाली, आणि हात धरणारा कुणाला कधीच सापडला नाही.

का सापडला नाही ते मला कळायला बरेच महिने गेले. शेजारच्या गावात तीच कॉपी लागली, क्लेगच्या जोडासकट, तेव्हा मुद्दाम बघून आले. तो तिथंच होता. दाढी वाढली होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो माणूस "तो आलाय" या तुकड्याला आत आला होता. आम्हा सगळ्यांसारखाच, तो तुकडा परत येईपर्यंत बसला होता. आणि तो तुकडा तर क्लेगच्या बादलीत गेला. हे मी नोराला तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं. ती आधी हसली, मग रडली. "बसू दे मग तिथंच," म्हणाली.

आणि बसला होता हो इतकी वर्षं! एम्प्रेसचं बिंगो खेळायचं ठिकाण झालं, मग गालिच्यांचं दुकान झालं. आई गेली, बर्ट गेला, क्लेग गेले. नोराचा नवरा गेला आणि ती या घरात एकटी राहिली. मी थॉर्नसीलाच होते.

मागच्या शरद ऋतूत एका दुपारी तिचा फोन आला. अगदी खुशीत होती.

"मेव्हिस, टीव्ही लाव! आपला सिनेमा लागलाय. तुझ्या आईची हॅट बघायला मिळेल."

फोन कानाला धरूनच मी टीव्ही लावला. सुरुवातीला एक गुळगुळीत माणूस सांगत होता की कुणाच्या तरी शेडमध्ये या सिनेमाची पूर्ण कॉपी सापडलीय, वर्षानुवर्षं गळालेले तुकडे परत बसवलेत. मी ऐकलं आणि सोडून दिलं. चहात साखर ढवळत होते.

मग धुकं आलं. लाकडी धक्का आला. मुलगी धावत आली, वळली, आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तो आलाय..."

माझ्या हातातला चमचा खाली पडला.

"नोरा, टीव्ही बंद कर."

"का गं? आता तर आपलं थिएटर येईल."

आलंच. विनी, तिची टॉर्च, नट. आईच्या चेरी. आणि बर्टची खुर्ची रिकामी.

"अगं, गेला की तो!" नोरा म्हणाली. "मेव्हिस, गेला! सुटले बाई मी."

मी खुर्चीकडे बघत होते. तुम्हाला त्या जुन्या खुर्च्या आठवतात का? माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते. आधी रिकामी खुर्ची म्हणजे बैठक वर मिटलेली असायची. आत्ता ती अर्धवट खाली होती आणि हळूहळू वर चालली होती.

"नोरा," मी म्हटलं, "दाराला कडी लाव. वरची आणि खालची. मी संध्याकाळच्या बसनं येते."

आले ती राहिलेच. सामान नंतर आणलं. विनीची टॉर्च पर्समध्ये घालून आणली होती, ती तिथं दाराजवळ खुंटीला आहे, बघा. नोराला सांगितलं की एकटीला थॉर्नसीची हवा सोसत नाही. ती बिचारी खूश आहे.

एवढंच असतं तर मी ते म्हातारपणाचे भास म्हणून सोडून दिलं असतं. पण नाताळात तो सिनेमा परत लागला. नोरा शेजारी गेली होती, म्हणून मी एकटीनं पाहिला. बर्टची खुर्ची रिकामी होती, बैठक वर मिटलेली, अगदी पूर्वीसारखी. मला हायसं वाटणार इतक्यात दाराचा पडदा हलला आणि तो नट आत आला. एकटाच आला. अंधारात खुर्च्यांच्या पाठी चाचपत, आपला आपणच, रांगेरांगेनं. पुढं टॉर्च नव्हती. विनी त्या दृश्यात नव्हतीच.

ती जागा सोडून जाणाऱ्यांतली नव्हती. कुणाच्या तरी मागं गेली असेल तरच गेली. म्हणजे तो खरंच बाहेर आहे. विनी त्याच्या किती मागं आहे, तेवढंच मला कळत नाही.

हे नोराला ठाऊक नाही, आणि तुम्हीही सांगू नका. दार वाजलं की मीच उठते. उघडायच्या आधी फटीपाशी वास घेते, म्हणून तुम्हाला मघाशी पावसात जरा थांबावं लागलं, राग मानू नका.

आली बघा ती. जिन्यावर पाय वाजतायत. आता कपड्यांचं बोलू या. आणि निघताना दार तुम्ही ओढून घेऊ नका, मी येते लावायला.